सव्हॅनाचा जुना भाग बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्जिया राज्यात अटलांटिक किनाऱ्याजवळ, नदीकाठी वसलेलं सव्हॅना हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं सर्वात नीट जपलेलं जुनं शहर आहे, असं माझं मत आहे. अटलांटा, शार्लट, जॅक्सनव्हिल या बाजूंना राहणारे मराठी लोक आणि भारतातून आलेले त्यांचे आईवडील तिथे जाण्याआधी जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा सारख्या बदलतात, त्या त्या-त्या जागेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. एक आग्रह मात्र आधीच सांगते. चौक, झाडं आणि हवेल्या बघून परत येऊ नका. हे सगळं ज्यांच्या कष्टावर उभं राहिलं, त्यांच्या जागाही त्याच भागात आहेत, त्यांना वेळ द्या.

ऐतिहासिक भाग म्हणजे नेमका कुठून कुठपर्यंत?

उत्तरेला सव्हॅना नदी, दक्षिणेला फॉरसिथ पार्क, पूर्वेला ईस्ट ब्रॉड स्ट्रीट आणि पश्चिमेला मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्ड. १९६६ साली या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. नदीपासून फॉरसिथ पार्कच्या उत्तर टोकापर्यंत साधारण दीड किलोमीटर अंतर आहे, म्हणजे रमतगमत चाललात तरी जमतं. या भागाला तटबंदी किंवा वेस नाही आणि आत शिरायला तिकीट लागत नाही. लोक इथे राहतात, कॉलेजला जातात, कोर्टकचेऱ्या करतात.

इतके चौक कशासाठी? आधी बाग करायची म्हणून ठेवले होते का?

नाही, बागा नंतर आल्या. जेम्स ऑगलथॉर्प हा इंग्रज अधिकारी १२ फेब्रुवारी १७३३ रोजी शंभरावर वसाहतकऱ्यांना घेऊन नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला. तिथे यामाक्रॉ लोकांची वस्ती होती. त्यांचा प्रमुख तोमोचिची याने परवानगी दिली म्हणून हे गाव वसलं. दोघांमध्ये दुभाषी होती मेरी मस्ग्रोव्ह. तिची आई क्रीक जमातीची आणि वडील इंग्रज व्यापारी, त्यामुळे तिला दोन्ही भाषा घरच्याच होत्या.

ऑगलथॉर्पने गावाचा नकाशा प्रभागांत आखला. प्रत्येक प्रभागाच्या मधोमध मोकळा चौक. चौकाच्या उत्तर आणि दक्षिण बाजूंना घरांचे चाळीस भूखंड, दहा-दहाच्या चार गटांत. पूर्व आणि पश्चिम बाजूंना चार मोठे भूखंड, ते चर्च, बाजार, कचेरी अशा सार्वजनिक कामांसाठी. मधल्या चौकात कवायत व्हायची, बाजार भरायचा, संकटकाळी आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोक गुरंढोरं घेऊन येऊ शकत होते. पलीकडे फ्लोरिडात स्पॅनिश सत्ता होती, तिची धास्ती होतीच.

खरी करामत पुढे आहे. गाव वाढलं की नवा प्रभाग त्याच मापाचा काढायचा, हा नियम शहराने शंभरावर वर्षं पाळला. पहिल्या वर्षी चार चौक होते, १८५१ पर्यंत चोवीस झाले. त्यातले बावीस आज शिल्लक आहेत. नकाशा हातात घेऊन एखाद्या चौकात उभे राहा आणि चारी दिशांना बघा. चौकातून रस्ता सरळ जात नाही, गाडीला वळसा घालावा लागतो. त्यामुळे वाहनं आपोआप हळू होतात आणि चालणाऱ्याला कुठेही घाई करावी लागत नाही. आज शहररचना शिकणारी मुलं हे बघायला मुद्दाम इथे येतात.

सगळे बावीस चौक बघायला हवेत का?

गरज नाही. बुल स्ट्रीट धरा आणि नदीकडून दक्षिणेला चालत सुटा. जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन आणि माँटेरी असे पाच चौक ओळीने लागतात, शेवटी फॉरसिथ पार्क. पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढं जरी मनापासून केलं तरी शहर कळतं.

यात राइट चौकात जरा जास्त वेळ थांबा. तोमोचिची १७३९ मध्ये वारला, तेव्हा ऑगलथॉर्पने त्याला याच चौकात सन्मानाने पुरलं. १८८३ मध्ये त्या जागी विल्यम गॉर्डन या रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचं भलंमोठं स्मारक उभारलं गेलं. ज्याने जागा दिली त्याच्याच थडग्यावर! पुढे १८९९ मध्ये, गॉर्डनच्या घरातल्याच स्त्रीच्या पुढाकाराने, चौकाच्या कोपऱ्यात तोमोचिचीच्या नावाने ग्रॅनाइटचा एक मोठा ओबडधोबड दगड बसवला. मधलं स्मारक सगळे बघतात, कोपऱ्यातला दगड बघायला लोक विसरतात. तुम्ही तो शोधा.

बुल स्ट्रीट संपवून परत येताना जोन्स स्ट्रीटवरून एक फेरी मारा. विटांचा रस्ता, दोन्ही बाजूंनी ओकच्या फांद्या आणि रस्त्यावरून थेट वरच्या मजल्यावर चढणारे लोखंडी कठड्यांचे जिने. घराचे मुख्य दरवाजे एवढे उंचावर आहेत, कारण खालचा मजला कामाचा आणि साठवणुकीचा होता आणि बैठकीच्या खोल्या धुळीपासून वर ठेवलेल्या होत्या.

कोणत्या महिन्यात जावं?

मार्चचा शेवट ते मेची सुरुवात सर्वांत चांगली, अझेलिया फुललेल्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरही छान. जून ते सप्टेंबर उकाडा आणि दमटपणा इतका असतो की कोकणातल्या माणसालासुद्धा घाम पुसत बसावं लागतं, दुपारी वळवासारख्या जोरदार सरी येतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, तेव्हा हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. वसंतात आणि शरदात डोळ्याला जेमतेम दिसणारी बारीक चिलटं चावतात, संध्याकाळी अंगभर कपडे घाला.

१७ मार्चच्या आसपास सेंट पॅट्रिक्स डे असतो. इथली मिरवणूक देशातल्या सर्वांत मोठ्या मिरवणुकींत गणली जाते. गर्दी, गोंगाट आणि दारू आवडत नसेल, तर तो आठवडा सरळ टाळा.

किती दिवस पुरतात?

दोन मुक्काम. अटलांटाहून साधारण चारशे किलोमीटर आहे, चार तासांची गाडी, त्यामुळे सकाळी जाऊन रात्री परत हा बेत करू नका. चार्ल्सटनही जोडायचं असेल तर ते इथून दोन तासांवर आहे.

गाडी कुठे लावायची? आत फिरायला काय आहे?

शहराची बहुमजली वाहनतळं आहेत, त्यात गाडी लावून मोकळे व्हा. रस्त्यावर मीटर असतात, त्यांच्या वेळा पाटीवर नीट वाचा. आतल्या भागात डॉट नावाची मोफत बससेवा फिरते. नदीच्या पलीकडे हचिन्सन बेटावर जाणारी फेरीबोटही फुकट आहे. या बोटींना शहराच्या इतिहासातल्या स्त्रियांची नावं दिलेली आहेत. वर उल्लेख आलेली मेरी मस्ग्रोव्ह त्यांच्यापैकीच एक. लहान मुलांना काहीच करायचा कंटाळा आला की या बोटीत बसवा.

घोड्याच्या बग्ग्या आणि ट्रॉलीच्या टूर सशुल्क असतात. पहिल्या दिवशी सकाळी ट्रॉलीने एक फेरी मारून भाग समजून घ्यायचा आणि मग पायी फिरायचं, हे ज्येष्ठांसाठी चांगलं.

आईबाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

चौकांचा भाग सपाट आहे, दर दोन-तीन मिनिटांवर बाक आणि सावली मिळते, त्यामुळे झेपतं. पदपथ विटांचे आहेत आणि ओकच्या मुळांनी जागोजाग वर उचलले गेले आहेत, तेव्हा चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत.

अडचण आहे ती नदीकाठी उतरण्याची. शहर कड्यावर आणि रिव्हर स्ट्रीट खाली, मध्ये जुने दगडी जिने. त्यांच्या पायऱ्या उंच, अरुंद आणि झिजलेल्या. उताराच्या रस्त्यांवर आणि खालच्या रस्त्यावर गोटे बसवलेले आहेत. इंग्लंडहून येणारी रिकामी जहाजं तोल राखण्यासाठी तळाशी दगड भरून यायची, इथे दगड उतरवून कापूस भरून जायची. त्याच दगडांनी हे रस्ते आणि भिंती बांधल्या. बघायला सुंदर, पण चालायला वाईट आणि चाकाच्या खुर्चीला तर अशक्य. सिटी हॉलजवळच्या लिफ्टची चौकशी करा किंवा गाडीने थेट खाली सोडा. खाली नदीलगतचा फरसबंद पट्टा मात्र सपाट आहे. तिथल्या बाकावर बसलं की महाकाय कंटेनर जहाजं अगदी समोरून जातात, काठच्या इमारतींपेक्षा उंच. आईबाबांना हेच सर्वांत जास्त आवडतं, असा माझा पाहुण्यांबरोबरचा अनुभव आहे.

तिकीट काढून आतून बघायची झाली तर कोणती हवेली बघावी?

एकच बघायची असेल तर ओवन्स-थॉमस हाउस. दुसरं नाव मी घेणार नाही.

विल्यम जे या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने आखलेली ही हवेली १८१९ मध्ये पूर्ण झाली. गच्चीवरच्या टाक्यांमधून घरात खेळवलेलं पाणी, वरच्या मजल्यावर जिन्याच्या पोकळीवरून जाणारा छोटा पूल, १८२५ मध्ये लाफायेत (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनापती) जिथे उतरला होता तो भाग, असं बरंच कौतुकाचं तिथे आहे. पण फेरी सुरू होते ती मागच्या अंगणातल्या दुमजली इमारतीपासून. अर्ध्या भागात घोडे आणि बग्ग्या, उरलेल्या अर्ध्यात गुलाम माणसं. खोल्या लहान आहेत. तिथे मान वर करून छताच्या तुळयांकडे बघा. त्यांवर जुन्या फिकट निळ्या रंगाचा थर आहे. नीळ आणि चुना मिसळून तिथे राहणाऱ्यांनीच तो लावला. या किनाऱ्यावरच्या आफ्रिकन वंशाच्या लोकांची श्रद्धा होती की हा रंग पाहून वाईट आत्मे आत येत नाहीत. या रंगाचा एवढा मोठा मूळ थर फार थोड्या ठिकाणी टिकला आहे. मालकाच्या दिवाणखान्यातला संगमरवर बघून झाल्यावर माझं मन पुन्हा त्या निळ्या तुळयांकडेच जातं, कारण त्या जागेत गुलामांनी स्वतःसाठी केलेली तेवढीच एक गोष्ट डोळ्यांना दिसते.

२०१८ मध्ये संग्रहालयाने आपल्या नावातच गुलामांच्या निवाऱ्याचा उल्लेख जोडला. आजच्या फेरीत मालकांच्या बरोबरीने आचारी, दाई, नोकर यांचीही माहिती सांगतात. फेऱ्या ठरावीक वेळेच्या असतात, वेळ आधी राखून ठेवा. टेलफेअर संग्रहालयाच्या तीन जागांपैकी ही एक आहे आणि तिन्हींचं एकत्र तिकीट मिळतं.

गुलामगिरीचा इतिहास आणखी कुठे समजून घेता येतो?

सुरुवातीला एक गोष्ट माहीत असलेली बरी. जॉर्जिया वसाहतीत आधी गुलामगिरीवर बंदी होती. १७३५ चा तसा कायदाच होता. शेजारच्या साउथ कॅरोलायनातले मळेवाले भाताच्या शेतीतून गडगंज होत असलेले बघून इथल्या लोकांनी बंदी उठवण्यासाठी तगादा लावला आणि १७५१ मध्ये ती उठली. त्यामुळे इथे गुलामगिरी पाहता पाहता वाढली असं म्हणता येत नाही, ती मागून घेतलेली होती.

फ्रँकलिन चौकातलं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च सगळ्यात आधी बघा. देशातल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय धर्मसमुदायांपैकी हा एक, मुळं अठराव्या शतकात गेलेली. आजची विटांची इमारत १८५९ मध्ये पूर्ण झाली. ती बांधणारे बरेच जण गुलाम होते, दिवसभर मालकाचं काम करून रात्री चर्चसाठी राबायचे. तळघरातल्या लाकडी जमिनीला ठरावीक नक्षीत भोकं पाडलेली आहेत. ती नक्षी मध्य आफ्रिकेतल्या काँगो परंपरेची आहे, आणि पळून उत्तरेकडे निघालेली माणसं याच जमिनीखाली लपत, भोकांतून त्यांना हवा मिळे, असं चर्चची मंडळी सांगतात. फेरी चर्चचेच लोक घेतात, आणि ती ऐकताना तुम्ही आजही नांदत असलेल्या एका कुटुंबात बसलेले असता.

त्याच चौकात हैतीच्या सैनिकांचं स्मारक आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यातलं सव्हॅना परत घेण्यासाठी वेढा पडला, तेव्हा आजच्या हैतीतून आलेले मुक्त कृष्णवर्णीय सैनिक त्यात लढले होते.

रिव्हर स्ट्रीटवर २००२ मध्ये उभारलेला ब्राँझचा पुतळा आहे, एकमेकांना बिलगलेलं चौघांचं कुटुंब आणि पायाशी तुटलेल्या साखळ्या. आणि दक्षिणेकडच्या एका चौकाची गोष्ट तर अगदी अलीकडची. गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅलहून याचं नाव त्या चौकाला होतं. २०२३ मध्ये शहराने ते बदलून सुझी किंग टेलर हिचं नाव दिलं. सुझी १८४८ मध्ये गुलाम म्हणून जन्मली. कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा असताना ती सव्हॅनात चोरून चालणाऱ्या शाळांत पुस्तकं कागदात गुंडाळून जायची. उत्तर आणि दक्षिणेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिने मुक्त झालेल्या मुलांची शाळा चालवली, सैनिकांना अक्षरं शिकवली, त्यांची शुश्रूषा केली. १८४८ म्हणजे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ते साल. मराठी माणसाने त्या चौकात उभं राहून हे आठवलंच पाहिजे. जोतीरावांना हे सगळं परकं वाटलं नव्हतं: १८७३ मधलं आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं.

शहराच्या पश्चिमेला, ऐतिहासिक भागाच्या बाहेर, आणखी एक जागा आहे. २ आणि ३ मार्च १८५९ या दोन दिवसांत तिथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर चारशेहून अधिक माणसांचा लिलाव झाला. मालक कर्जात बुडाला होता. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेली माणसं वेगवेगळ्या राज्यांत विकली गेली. दोन्ही दिवस पाऊस पडत होता आणि त्या लिलावाला लोक आजही रडण्याचा काळ म्हणतात. तिथे माहितीफलक आहे. बघण्यासारखं काही नाही, तरी गाडी असेल तर जा.

शर्मनने अटलांटा जाळलं, मग सव्हॅना का सोडलं?

शहराच्या सौंदर्याला भुलून सोडलं, ही गोष्ट टूरवाले रंगवून सांगतात. खरं कारण साधं आहे. यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेच्या जनरल शर्मनचं सैन्य दारात आल्यावर दक्षिणेची फौज रात्रीतून तात्पुरता पूल टाकून नदीपार निसटली, आणि २१ तारखेला महापौरांनी शहर न लढता हवाली केलं. शर्मनला धडधाकट बंदर हवंच होतं. त्याने अध्यक्ष लिंकनला तार करून सव्हॅना नाताळची भेट म्हणून दिलं. त्या तारेत १५० मोठ्या तोफा आणि सुमारे २५,००० कापसाच्या गाठींचाही हिशेब होता.

मॅडिसन चौकातल्या ज्या घरात तो राहिला, ते ग्रीन-मेलड्रिम हाउस आजही आहे. १२ जानेवारी १८६५ रोजी त्याच घरात वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून तुम्हाला काय हवं असं विचारलं गेलं. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले: आम्हाला जमीन द्या, आम्ही आमच्या कष्टाने ती कसू. चार दिवसांनी हुकूम निघाला, किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी द्यायची. लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्रू जॉन्सनने त्याच वर्षी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या. माझ्या दृष्टीने या शहरात घडलेली ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि घरासमोरून जाणाऱ्या बहुतेकांना तिचा पत्ता नसतो.

नदीकाठच्या त्या लाल विटांच्या इमारती कसल्या? मुंबईशी संबंध आहे असं ऐकलं.

कापसाच्या अडत्यांच्या. कड्याला टेकून बांधलेल्या या इमारती नदीच्या बाजूने चार-पाच मजली दिसतात आणि शहराच्या बाजूने दोन मजली. खाली वखारी, वर कचेऱ्या, आणि कचेऱ्यांत जायला कड्यावरून टाकलेले लोखंडी पूल. त्या पुलांवर उभं राहून अडते खालून जाणाऱ्या गाड्यांतला कापूस पारखायचे. त्यांच्यामध्येच १८८७ ची कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे.

मुंबईशी संबंध आहे आणि चांगलाच घट्ट आहे. यादवी युद्ध सुरू झाल्यावर उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली. सव्हॅना नदीच्या मुखावरचा फोर्ट पुलास्की हा किल्ला अभेद्य समजला जायचा. नव्या आट्याच्या तोफांनी जवळजवळ तीस तासांत त्याच्या जाड विटांच्या भिंतीला भगदाड पाडलं, ११ एप्रिल १८६२ ला किल्ला पडला आणि बंदर बंद झालं. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, त्या मुंबईकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्या शेअरबाजारासकट कित्येक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद त्यात होरपळले. त्यांच्या देणगीतून बांधलेला आणि त्यांच्या आईचं नाव असलेला राजाबाई टॉवर ज्यांनी फोर्टात पाहिला आहे, त्यांनी सव्हॅनाच्या या पुलांवर जरूर उभं राहावं. एका कापसाने दोन्ही बंदरं वर काढली.

जुनी घरं एवढी टिकली कशी?

सहज टिकली नाहीत. १९५४ मध्ये एलिस चौकातला जुना बाजार पाडून तिथे वाहनतळ बांधला गेला. इथल्या भुऱ्या विटांना तेव्हा बाहेर चांगला भाव होता. या विटा गुलामांच्या हातांनी, नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यावर पाडलेल्या होत्या. विटांसाठी घरंच्या घरं पाडून विकली जात होती. पुढच्याच वर्षी १८२० च्या डॅव्हनपोर्ट हाउसची पाळी आली, तेव्हा सात बायका पुढे झाल्या. त्यांनी साडेबावीस हजार डॉलर जमवून ते घर विकत घेतलं आणि हिस्टॉरिक सव्हॅना फाउंडेशन सुरू केलं.

त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. पडायला आलेलं घर संस्थेने घ्यायचं, दुरुस्त करून राहीन असं लिहून देणाऱ्यालाच विकायचं, आलेल्या पैशातून पुढचं घर घ्यायचं. १९७८ मध्ये सुरू झालेल्या सव्हॅना कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइननेही कित्येक पडीक इमारती वर्गांसाठी घेऊन जगवल्या. आणि तो एलिस चौकातला वाहनतळ? तोही पाडला, गाड्या जमिनीखाली नेल्या आणि २०१० मध्ये चौक पुन्हा लोकांना खुला केला. आपल्याकडे वाडे पाडून टॉवर उठत असताना हे उदाहरण वाचून सोडून देण्यासारखं नाही.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

विचारून खायचं. दक्षिणी स्वयंपाकात भाजीतसुद्धा डुकराचं मांस घालायची रीत आहे. कोलार्डची पालेभाजी, घेवडा, लाल भात यांत ते असतंच असं धरून चला आणि दर वेळी स्पष्ट विचारा. ग्रिट्स म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या कण्या, त्या लोणी किंवा चीज घालून मागितल्या की पोटभर होतात. तळलेली भेंडी, मक्याचा ब्रेड, मॅकरोनी-चीज, पीचची कॉब्लर हेही मिळतं. भेंडी या देशात आली ती आफ्रिकेतून आणलेल्या माणसांबरोबर.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. कोळंबी आणि कण्या ही इथली खासियत, खेकडे आणि कालवंही ताजी. रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात, मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या, गरमागरम. आजीआजोबा खूश. ब्रॉटन स्ट्रीटवरच्या लिओपोल्ड्समध्ये आइस्क्रीम खा, दुकान १९१९ पासूनचं आहे. रांग लांब असते, पण भराभर सरकते. रिव्हर स्ट्रीटवर पिकनच्या (अक्रोडासारख्या) दाण्यांच्या प्रालिन नावाच्या गोड वड्या दगडी पाटावर ओतताना बघायला मिळतात, एखादी चवीला देतातही.

झाडांवरून लोंबणारं ते राखाडी काय आहे? झाडाला रोग लागलाय का?

नाही. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, हवेतला ओलावा आणि धूळ यांवर जगते, ओकचं रक्त शोषत नाही. झाडावरची बघा, खाली पडलेली उचलून मुलांच्या गळ्यात घालू नका. तीत बारीक किडे शिरलेले असतात आणि मग आठवडाभर खाज सुटते.

भुतांच्या टूर घ्याव्यात का?

मी घेत नाही आणि पाहुण्यांनाही नेत नाही. १८२०, १८५४ आणि १८७६ च्या पिवळ्या तापाच्या साथींत मेलेली माणसं, छळ सोसलेल्या गुलाम बायका यांच्या कहाण्या तिखटमीठ लावून रात्री करमणूक म्हणून सांगितल्या जातात. त्यांतल्या पुष्कळ गोष्टींना कागदोपत्री आधार नसतो. जायचंच असेल तर नंतर जा, आधी दिवसा खऱ्या जागा बघा.

रस्त्यावर दारूचा पेला घेऊन फिरणारे लोक दिसतात. चालतं का?

ऐतिहासिक भागाच्या ठरावीक हद्दीत चालतं, वय २१ पूर्ण असेल आणि पेला सोळा औंसांपर्यंतचा प्लॅस्टिकचा असेल तर. काचेची बाटली किंवा कॅन चालत नाही.

सिनेमातला तो बाक कुठे आहे?

‘फॉरेस्ट गंप’मधला बाक चिपेवा चौकात नाही. चित्रीकरणापुरता ठेवला होता, नंतर तो सव्हॅना हिस्टरी म्युझियममध्ये गेला. चौकात मधोमध ऑगलथॉर्पचा पुतळा आहे, डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी केलेला. वॉशिंग्टन शहरातल्या लिंकन स्मारकातला बसलेला लिंकनही त्यांचाच.

मुलं सोबत आहेत, आणि एक दिवस जास्तीचा आहे. काय जोडावं?

मुलगी गर्ल स्काउटमध्ये असेल तर ज्युलिएट गॉर्डन लो हिचं जन्मघर दाखवा, तिने १२ मार्च १९१२ रोजी सव्हॅनातच पहिली तुकडी सुरू केली. लहान मुलांना फॉरसिथ पार्क पुरतं, १८५८ चं पांढरं कारंजं आणि पलीकडे खेळायला भरपूर जागा.

जास्तीच्या दिवशी सकाळी फोर्ट पुलास्की. वर सांगितलेल्या तोफांच्या खुणा आणि काही गोळे भिंतीत अजून रुतलेले आहेत, मुलं ते मोजत बसतात. तिथून पुढे टायबी बेटाचा समुद्रकिनारा, शहरापासून सुमारे तीस किलोमीटर. भरतीच्या वेळी पाणी कधी कधी वाटेतल्या रस्त्यावर येतं, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. बोनाव्हेंचर दफनभूमी करायची असेल तर ती वाटेवरच आहे, पण संध्याकाळी पाचला फाटक बंद होतं, म्हणून टायबीवरून परतताना नको, जातानाच करा.